सहा घरं, पाच काडतुसं

वाचकांचे प्रश्न, निवृत्त आर्मोररची उत्तरं

गेल्या अंकात काउबॉय ॲक्शन शूटिंग या अमेरिकन खेळावर माझा लेख आला होता. ज्यांचा वाचायचा राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझी लेक ॲरिझोनात राहते. तिच्याकडं गेलो की फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी चांदमारी आहे, तिथं मी हा खेळ बघायला जातो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या हौशी नेमबाजांनी तो सुरू केला आणि 1987 साली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था उभी राहिली. खेळाडू एकोणिसाव्या शतकातल्या गुराख्यांचा, शेरीफांचा वेश करतात, टोपणनाव घेतात. प्रत्येकाकडं चार हत्यारं असतात: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची रायफल आणि एक छर्ऱ्यांची बंदूक. पोलादी पाट्यांवर ठरलेल्या क्रमानं गोळ्या मारायच्या. घड्याळ चालू असतं आणि प्रत्येक चुकलेल्या नेमामागं पाच सेकंद वाढतात.

पत्रं भरपूर आली. टोप्या, बूट आणि टोपणनावांबद्दलची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली आहेत. माझी सगळी नोकरी जालन्याला राज्य राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारात गेली. त्यामुळं काडतुसं, ती भरणं आणि नेमाच्या पाट्या यांविषयीच्या पत्रांना आधी उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्यातल्या दोन पत्रांनी तर झोप उडवली. ती कोणती, हे वाचताना कळेलच.

प्रश्न (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उदगीर): काका, तुम्ही लिहिलंत की रिव्हॉल्व्हरला सहा घरं असतात, तरी खेळाडू पाचच काडतुसं भरतात. मग सहावं घर वाया का घालवायचं? आजकालच्या रिव्हॉल्व्हरला आतून सेफ्टी असतेच की!

उत्तर: बाळा, ते सहावं घर घोड्यासाठी राखलेलं असतं. 1873 च्या कोल्ट सिंगल ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बाराला घोडा हातानं ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरचा घोडा नीट बघ. घोडा म्हणजे चाप नव्हे, चाप दाबल्यावर मागून आदळणारा हातोडा. फायरिंग पिन घोड्याच्या तोंडालाच बसवलेली दिसेल. घोडा पूर्ण खाली असला की ती पिन समोरच्या काडतुसाच्या टोपीला, म्हणजे मार बसला की पेटून दारू पेटवणाऱ्या बुडाच्या वाटीला, टेकूनच राहते. असं भरलेलं हत्यार कमरेवरून निसटून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटते, चापाला कुणाचं बोट लागायची गरज नाही. घोडा थोडा मागं ओढला की अडकायला एक खाच आहे, पण ती इतकी बारीक की जोराच्या आपटण्यानं तुटू शकते. तिच्यावर जीव टांगून ठेवायचा नाही.

म्हणून भरायची रीत अशी: एक घर भरायचं, एक सोडायचं, पुढची चार भरायची, मग घोडा पूर्ण ओढून हळूच खाली उतरवायचा. चक्र फिरून तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. ही रीत हाताला एवढी बसते की तिथले म्हातारे बोलता बोलता भरतात, पण उतरवलेला घोडा शेजारच्याला दाखवल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.

तुझं दुसरं म्हणणंही खरं आहे. रुगर कंपनीनं 1973 पासून आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्सफर बार नावाची पट्टी घातली. चाप ओढून धरल्याशिवाय घोड्याचा मार पिनपर्यंत पोचत नाही. अशा हत्यारात सहा भरले तरी पडून सुटण्याची भीती नाही. तरीही खेळाचा नियम जुन्या-नव्या सगळ्यांना एकच: पाच काडतुसं आणि रिकाम्या घरावर घोडा.

मला हा नियम फार पटतो आणि त्याचं कारण शस्त्रागारात शिकलो आहे. भरण्याचं टेबल वेगळं असतं. घरी, गाडीत, सावलीला बसून कुणी हत्यार भरत नाही. टेबलापाशी एक माणूस नुसता बघायला उभा असतो. समोर आलेलं रिव्हॉल्व्हर कोणत्या सालचं, आत पट्टी आहे की नाही, याचा विचार त्यानं करत बसायचा नसतो. त्याला एकच गोष्ट दिसली पाहिजे. सवलती दिल्या की त्याच्या डोळ्यापुढं ‘हे चालतं, ते चालत नाही’ अशी यादी येते आणि यादीत माणूस चुकतो. गोळ्या मारून झाल्या की तसंच रिकामं करण्याचं टेबल. रिव्हॉल्व्हरचं घर न् घर फिरवून दाखवायचं, रायफलचा लिव्हर उघडून दाखवायचा, बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या दाखवायच्या. ‘रिकामं आहे’ असं तोंडानं सांगणाऱ्याला तिथं कुणी किंमत देत नाही. आमच्याकडं ‘जांच शस्त्र’चा हुकूम झाला की हवालदार प्रत्येकाच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या घरात, स्वतः डोकावायचा, मग समोर वीस वर्षं नोकरी झालेला जवान का असेना. तू उद्या कुठलंही यंत्र बनवशील, तेव्हा तपासणाऱ्याला काय दिसणार आहे याचा विचार आराखड्यातच कर.

प्रश्न (शेतकरी, गेवराई तालुका): रामराम काका. रानडुकरं आणि रोही यांनी वावरात काही ठेवलं नाही. आजोबांची बारा बोअर दुनळी परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. काडतूस महाग आणि वेळेवर मिळत नाही. अमेरिकेतले खेळाडू आपली काडतुसं घरीच भरतात असं तुम्ही लिहिलं. आजोबाही ठासणीची बंदूक स्वतः भरायचे. माझ्याकडं रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्या आहेत. यंत्र कुठं मिळेल? नाही तर फटाक्याची दारू चालेल का?

उत्तर: दादा, पत्रावर पत्ता किंवा फोन नंबर असता तर त्याच दिवशी तुमच्याशी बोललो असतो. इथंच हात जोडून सांगतो, एकही पुंगळी घरी भरू नका. फटाक्याची दारू तर बंदुकीजवळसुद्धा नेऊ नका.

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणं काडतुसं बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतुसं तयार करण्याचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला मोकळीक आहे, म्हणून तिथं तो घरगुती उद्योग झाला. आणखी एक, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली वन खात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती हातात असल्याशिवाय डुकरावर किंवा रोहीवर बंदूक रोखू नका.

आता जिवाचं, कारण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जायची: सोरा, कोळसा आणि गंधक. ती मापानं घालायची, वरून ठासून गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहू द्यायची नाही. तुमच्या आजोबांचं माप त्या दारूचं होतं. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळीच चीज आहे. तेवढ्याच आकाराच्या मापात तिची ताकद कितीतरी जास्त. काळ्या दारूचं माप घेऊन त्यात बिनधुराची दारू भरली तर नळी फाटते आणि ती फाटते डाव्या हाताच्या पंजापाशी. फटाक्यांत बऱ्याचदा ॲल्युमिनियमची पूड असते. ती दारू गोळीला पुढं ढकलायला बनवलेलीच नाही, एका क्षणात फुटायला बनवलेली आहे. बंदुकीतली दारू छर्रे नळीतून सरकत असताना सावकाश जळत जावी लागते. फुटायची चीज बंद नळीत घातल्यावर काय होतं, ते सांगायला भरणारा उरेलच याची खात्री नाही.

अमेरिकेत हे काम करणारे लोक ते किती भीत भीत करतात हे बघितलं म्हणून सांगतो. लेकीच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतो, त्याच्या गॅरेजात काडतुसं भरायचा प्रेस बसवलेला आहे. टेबलावर दारूचा एकच डबा. दुसऱ्या जातीचा डबा त्या खोलीतच नसतो. रेडिओ बंद, गप्पा बंद. पुंगळीतून जुनी टोपी काढायची, पुंगळी मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, वजन करून दारू घालायची. मग लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या केलेल्या पुंगळ्यांवर दिवा धरून तो एकेकीच्या आत बघतो. कारण असं आहे: .45 कोल्टची पुंगळी 1873 साली काळ्या दारूच्या हिशेबानं बनली, सुमारे 40 ग्रेन (अडीच ग्रॅमच्या आसपास) मावेल एवढी. बिनधुराची दारू त्याच्या पाच-सात हिश्श्यांतला एक हिस्सा पुरते, म्हणजे रांजणाच्या तळाला तांब्याभर पाणी. हात चुकून दुसऱ्यांदा माप पडलं तरी पुंगळी भरून वाहत नाही, बाहेरून काहीच कळत नाही. ते काडतूस झाडलं की रिव्हॉल्व्हरचं चक्र आणि सांगाड्याची वरची पट्टी उडून जाते. म्हणून काही जण मुद्दाम फुगीर, जास्त जागा खाणारी दारू वापरतात.

उलटी चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज बारीक, फुसका येतो. सामन्यात असा आवाज झाला की घड्याळ धरणारा माणूस त्याच क्षणी ओरडून खेळाडूला थांबवतो. अडकलेल्या गोळीमागं दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. तुमच्या बाबतीतही लक्षात ठेवा: बाजारातल्या काडतुसाचा आवाज नेहमीपेक्षा हलका आला तर दुसरा बार टाकू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, बंदूक मोडा, काडतुसं काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

टोपीसुद्धा नीट बसली पाहिजे. पुंगळीच्या बुडाच्या वर ती केसभर आली तरी लिव्हर रायफलमध्ये धोका. त्या रायफलचं मॅगझिन म्हणजे नळीखालची लांब पोकळ नळी. काडतुसं त्यात एकामागं एक झोपलेली असतात, मागच्याची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकलेली. म्हणून त्यांत टोकदार गोळी कधी घालत नाहीत, सपाट तोंडाचीच घालतात. कारखान्याच्या यंत्रावर झालेलं काम आणि हातानं केलेलं काम यात फरक असतो तो असल्या केसभर गोष्टींचा.

दादा, काडतूस घरी भरू नका म्हणालो, पण दुकानातून आणलेलंही डोळे झाकून घालू नका. आजोबांची बंदूक किती जुनी आहे? जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर बरेचदा 65 मिलिमीटरचं असतं, आजची बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची. घोटाळा असा की 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. झाडल्यावर ते तोंड उलगडतं आणि पुढच्या अरुंद भागात शिरतं, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते, दाब वाढतो. बाहेरून नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी असेल तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली नळी असू शकते. तिच्यात आजचं काडतूस अजिबात नको. बंदूक परवान्यासह परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडं न्या, नळ्यांच्या बुडाखालचे ठसे वाचून घ्या, चेंबर मोजून घ्या. मोंढ्यावर माल घालायला जाल त्याच दिवशी होईल. तोवर ती बंदूक झाडू नका.

जपून ठेवलेल्या पुंगळ्या लेकरांच्या खेळात जाऊ देऊ नका. विक्रेत्याकडं विचारून परत करा.

प्रश्न (आई, हिंगोली): मुलगा दहा मीटर एअर रायफल शिकतो. सराव करताना छर्रे ओठांत धरून एकेक भरतो. शिसं असतं म्हणतात, काही होतं का?

उत्तर: ताई, होतं. ओठांत छर्रे धरायची ती सवय आजच मोडा. शिसं शरीरात साठत जातं आणि वाढीच्या वयातल्या लेकरांच्या मेंदूला त्याचा जास्त त्रास. छर्रे डबीत किंवा पट्टीत ठेवावेत, सराव झाल्यावर साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. रेंजवर केरसुणीनं कोरडं झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. सरावाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

प्रश्न (शिक्षक, औसा तालुका): आमच्या शाळेत एअर रायफलचा सराव सुरू करायचा आहे. तुमच्या लेखातला पोलादी पाट्यांचा ‘टण्ण’ आवाज मुलांना फार आवडला. शेतातल्या डिस्क हॅरोचे जुने तवे पडून आहेत. ते झाडाला टांगून नेम धरला तर कसं?

उत्तर: गुरुजी, मुलांना आवाज आवडतो यात नवल नाही, मलाही आवडतो. कागदाला भोक पडलं की नाही हे जवळ जाऊन बघावं लागतं, पाटी लगेच सांगते. पण हॅरोचे तवे टांगू नका.

पोलादावर शिशाची गोळी आदळली की ती चपटी होऊन फुटते आणि तिचे कण पाटीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, चहूबाजूंनी उडतात. पाटी सपाट असेल तर ते कण बाजूला आणि खाली जातात, नेमबाजाकडं कमी येतात. तवा खोलगट असतो. खोलगट बाजू समोर आली तर बाजूला जाणारे कण तो वळवून परत तुमच्याच दिशेनं पाठवेल. मधे बोल्टचं भोक, कडेला धार आणि वर्षानुवर्षं दगडावर घासून पडलेले खड्डे. खड्ड्यात शिरलेली गोळी कुठल्या बाजूनं बाहेर पडेल याचा नेम नाही. काउबॉय चांदमारीवर पाटीला खड्डा किंवा बाक दिसला की तिथंच ती उतरवतात, रंग फासून पुन्हा टांगत नाहीत. चांगल्या पाट्या कडक पोलादाच्या, 500 ब्रिनेल कडकपणाच्या जवळपासच्या असतात. त्या वरच्या बाजूनं थोड्या पुढं झुकवून लावतात, म्हणजे शिसं जमिनीत जातं.

तिथं रिव्हॉल्व्हरच्या पाट्या साधारण सात ते दहा यार्डांवर असतात, म्हणजे अगदी अंगणातलं अंतर. एवढ्या जवळून पोलादावर गोळी मारणं चालतं ते काडतुसावरच्या बंधनांमुळं. गोळी निव्वळ शिशाची, वर तांब्याचं आवरण नाही. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला 1000 फुटांच्या आत, रायफलचा 1400 फुटांच्या आत. छर्रेही बारीक आणि शिशाचेच, पोलादी छर्ऱ्यांना बंदी. मऊ आणि संथ शिसं पाटीवर पसरतं. तांब्याचं आवरण फाटून धारदार तुकडे होतात आणि ते लांब उडतात. म्हणजे पाटी, अंतर आणि काडतूस ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. त्यातली एक गोष्ट उचलून आपल्याकडं आणली तर बाकीच्या दोन तिथंच राहतात. आणि एवढं सगळं पाळूनही कण येतात. बघ्यांच्या रांगेत उभा असताना माझ्या हातावर शिशाचा कण येऊन बसला आहे. चष्म्याशिवाय दोरीच्या आत कुणाला सोडत नाहीत, कडेवरच्या लेकरालाही नाही, ते त्याचसाठी.

तुमच्या शाळेसाठी: दहा मीटरवर कागदी लक्ष्य, त्याच्यामागं जाड लाकडी पेटी आणि तिच्यात जुन्या कपड्यांच्या घट्ट घड्या किंवा रबराच्या चटया. छर्रा आत थांबतो आणि शिसं गोळा करून ठेवता येतं. लोखंडी गोल छर्रे बाजारात स्वस्त मिळतात, ते शाळेच्या आवारातही आणू नका. शिसं निदान चपटं होतं, लोखंडी गोळा कठीण वस्तूवरून सरळ उलटा येतो. मुलं, शिक्षक आणि खिडकीतून डोकावणारा शिपाई, सगळ्यांना संरक्षक चष्मा.

पेटीच्या मागं भिंत नसेल तर मातीचा बांध घाला, पण आपल्याकडचा बांध म्हणजे अर्धा काळा दगड. वरची हातभर माती चाळून, खडे आणि मुरूम काढून घ्या. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, माती खाली घसरते आणि आतले दगड उघडे पडतात. म्हणून मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बांध तपासा. आमच्या फायरिंग बटवर, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या बांधावर, हे काम ठरलेलं असायचं आणि घमेलंभर दगड दरवेळी निघायचे.

प्रश्न (एनसीसी कॅडेट, नांदेड): सर, एवढ्या घाईत चार-चार हत्यारं हाताळताना अपघात होत नाहीत का? मला हा खेळ भारतात खेळायचा आहे.

उत्तर: मुली, घाई फक्त नेमाच्या वेळेला आहे, बाकी सगळं संथ चालतं. एका वेळी एकच खेळाडू गोळ्या मारतो. त्याच्या खांद्याजवळ घड्याळवाला उभा असतो आणि गरज पडली तर तो हात धरून थांबवू शकतो. नळीचं तोंड लक्ष्याच्या दिशेलाच राहिलं पाहिजे. त्यासाठी 170 अंशांची मर्यादा आहे, म्हणजे डावी-उजवीकडं सरळ रेषेच्याही किंचित आत. ती ओलांडली की तो टप्पा बाद. रिकामं हत्यार हातातून पडलं तरी टप्पा बाद, भरलेलं पडलं तर पूर्ण सामन्यातून बाहेर आणि पडलेलं हत्यार खेळाडूनं स्वतः उचलायचं नाही. अधिकारी उचलतो, तपासतो, मग हातात देतो. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. पडती वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि बोट नेमकं चापावर पडतं. छर्ऱ्यांची बंदूक तर सुरुवातीला रिकामी आणि उघडीच ठेवलेली असते. तिच्यात एका वेळी दोनच काडतुसं घालता येतात, तीही मारायच्या क्षणी.

भारतात हा खेळ जसाच्या तसा खेळायला चार हत्यारं लागतील आणि 2019 पासून सामान्य परवानाधारकाला दोनच ठेवता येतात. नोंदणीकृत खेळाडूंना सवलती आहेत, पण त्या मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रकारांसाठी. तू जिल्हा रायफल असोसिएशनमध्ये नाव घाल आणि दहा मीटर एअर रायफल किंवा पिस्तूलपासून सुरुवात कर. एनसीसीत तुला .22 रायफल मिळतेच. वेगाची आवड असेल तर पुढं ट्रॅप शूटिंगकडं वळ, उडत्या चकतीवर बारा बोअर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. असा नेमबाज मराठवाड्यातूनही निघावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि तुझं पत्र वाचून ती वाढली.

प्रश्न (गृहिणी, परतूर): भाऊ, आमच्या मालकांच्या नावे दुनळी बंदूक आहे. ती शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीत दाराआड टेकवलेली असते आणि काडतुसं तिथंच फडताळात. ‘रिकामीच आहे’ म्हणतात. धाकटा पाच वर्षांचा आहे. सोयऱ्याच्या लग्नात यंदा ती न्यायची म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, हे पत्र त्यांना वाचून दाखवा आणि मी मोठ्या भावाच्या नात्यानं बोलतोय असं सांगा.

लग्नाचं आधी. वरातीत बार काढणं 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे: कुणाच्या जिवाला धोका होईल असा हर्षोल्हासाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मांडवात माणसं दाटीवाटीनं असतात, हात धक्क्यानं खाली येतो आणि जवळून मारलेले छर्रे विखुरत नाहीत, गोळीसारखे एकत्र शिरतात. बंदूक लग्नाला जाणार नाही, एवढं वचन त्यांच्याकडून घ्या.

तुमच्या नावावर परवाना नाही, म्हणून तुम्ही स्वतः ती हाताळू नका. त्यांना तुमच्यासमोर उघडायला सांगा. नळ्यांचं तोंड बाहेर, मोकळ्या जागेकडं, बोट चापापासून लांब. बंदूक मोडली की दोन्ही घरं डोळ्याला दिसतात. मग उजेडाकडं धरून दोघांनीही दोन्ही नळ्यांतून आरपार बघा. ‘रिकामीच आहे’ हे शब्द तोवर मोजायचे नाहीत. वर उघडे घोडे असलेली जुनी दुनळी असेल तर आणखी जपा. दाराआडून घसरून घोड्यावर पडली आणि आत काडतूस असलं तर काय होईल ते उदगीरच्या मुलाला वर सांगितलंच आहे.

नंतर ती खोलीतून हलवून घरी लोखंडी कपाटात, नळ्या आणि दस्ता वेगळे करून, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. लेकराला ‘हात लावू नको’ म्हणून भागत नाही. पाच वर्षांचं मूल खुर्ची सरकवून फडताळापर्यंत पोचतं आणि त्याच्या अंगठ्यात चाप दाबण्याएवढा जोर असतो.

घर बंद करून गावाला जाणार असाल, किंवा सध्या बंदुकीचं काम नसेल, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करता येते. परवाना सोबत न्यायला सांगा. जमा करताना बंदुकीचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा आणि काडतुसं किती दिली तो आकडा पावतीवर लिहून घ्या.